काय पडलंय ते बघू दे

माप घेताना

मानेतली गाठ मला स्वतःला कळली नव्हती. मैसूरला देवराज मोहल्ल्यात आमचं शिवणकामाचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून ते सरोजा चालवते. ती लहान मुलगी होती तेव्हापासून आमच्याकडे शिवायला बसते. तिथे मी ब्लाउजचं माप द्यायला उभी होते. सरोजाने टेप गळ्याभोवती फिरवला, सोडला, पुन्हा फिरवला.

"अम्मा, गळा वाढलाय."

"तुझा टेप सैल झाला असेल."

"अंगाने उतरलात तुम्ही. छाती कमी भरते आणि गळा वाढतो, असं कसं?" असं म्हणून तिने माझंच बोट धरलं आणि मानेच्या उजव्या बाजूला टेकवलं. आवळ्याएवढं काहीतरी होतं. कडक. दुखत नव्हतं. किती दिवसांपासून होतं कोण जाणे. मी रोज त्याच मानेला पावडर लावत होते.

हे लिहायचं कारण सांगते. उपचारांच्या खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई असायची. तिने एकदा विचारलं, तुम्ही इथे एवढा वेळ कशा बसता, मला तर पळून जावंसं वाटतं. माझ्या तोंडात तेव्हा फोड आले होते, बोलता आलं नाही. आता फोड गेलेत. मी चौथीपर्यंत शिकले, तेही कन्नड शाळेत. मराठी लिहायला सासूने शिकवलं, कारण दुकानात मापं लिहायला माणूस हवं होतं. औषधांची नावं मी सांगणार नाही, मला ती येत नाहीत.

येलवालपर्यंत

डॉक्टर तरुण होता. माझ्या मुलाशी, रवीशी, तो बराच वेळ इंग्रजीत बोलला. मग माझ्याकडे वळून कन्नडमध्ये म्हणाला, "अज्जी, काळजी करू नका, उपचार आहेत."

मी म्हटलं, "त्याला जे सांगितलंत ते मला सांगा. एवढं मोठं बोलणं एवढ्याशात कसं मावलं?"

त्याने रवीकडे बघितलं. रवी जमिनीकडे बघत होता.

"गाठींचा कॅन्सर आहे, अज्जी. सलाइनमधून औषध द्यायचं. तीन-तीन आठवड्यांनी, सहा वेळा. बऱ्याच जणांची गाठ जाते."

"आणि मी आले नाही तर?"

"तर ती वाढेल."

निदान काय झालंय ते मला कळलं. त्या डॉक्टरवर मी नंतर कधी चिडले नाही, ते यामुळेच.

घर मंडी मोहल्ल्यात. रवी गाडी चालवत होता, मी पुढे, सून स्मिता मागे. रवीने कुठेतरी वळायचं चुकवलं आणि गाडी हुणसूरच्या रस्त्याला लागली. मला कळलं, स्मितालाही कळलं असणार. दुकानं संपली, घरं विरळ झाली, झाडं मागे जात राहिली. ऊन पिवळं होतं. मला असं वाटत होतं की आपण गाडीत नाही, कोणीतरी बाहेरचंच सगळं ओढून नेतंय आणि आपण जागच्या जागी बसलोय. येलवाल गाव आलं तेव्हा मी विचारलं, "कुठे चाललोय आपण?"

रवी म्हणाला, "माहीत नाही, आई."

तिथे शहाळीवाला होता. स्मिता उतरली आणि तीन शहाळी घेऊन आली. आम्ही गाडीतच बसून पाणी प्यायलो, मलई खाल्ली आणि परत फिरलो. निदानाचा दिवस कसा गेला असं कोणी विचारलं तर मला शहाळ्याची मलई आठवते. फार गोड होती.

सुनेचा नाद

स्मिता पुण्याची. इथल्या एका कंप्युटरच्या कंपनीत आहे, पुष्कळ दिवस घरूनच काम करते. मराठी अगदी धुतल्यासारखी बोलते. मी "लवकर ये" ऐवजी "बेगा ये गं" म्हटलं की पूर्वी हसायची, आता स्वतःच सरोजाला बेगा बेगा म्हणते. तिला मूल नाही. आणि तिला खेळायचा नाद आहे.

शाळेच्या पाटीएवढं एक यंत्र आहे, मधे काच, दोन्ही बाजूंना बटणं. मी त्याला पाटीच म्हणते. चाळिशी उलटलेली बाई संध्याकाळी कॉफी घेऊन बसते आणि त्या पाटीत भुतं मारते. आमचे नातेवाईक म्हणायचे, मूल नाही म्हणून मन रमवते बिचारी. मूल असतं तरी ती खेळलीच असती, तो तिचा स्वभाव आहे. मला मात्र ते बघवत नसे, आणि तसं मी तिला ऐकू जाईल असं बोलतही असे.

"आई, तुम्ही टीव्हीवर त्या बायका एकमेकींना विष घालताना बघता," ती म्हणायची. "मी निदान सांगाडे मारते."

खिडकीजवळची खुर्ची

उपचारांची खोली लांबट होती. रांगेने खुर्च्या, मागे रेलता येतील अशा. प्रत्येक खुर्चीशेजारी एक खांब, खांबाला बाटली. सकाळी गेलं की रक्त बघायचे, वजन करायचे, मग नर्स येऊन म्हणायची, "अज्जी, कै कोडी," की मी डावा हात पुढे करायचा. ती शीर शोधायची. पहिल्या खेपेला पटकन सापडली, पुढे पुढे सापडेना.

आधी एक इंजेक्शन देत, उलटी होऊ नये, खाज सुटू नये म्हणून. त्याने झोप यायची, पण पुरी नाही. पाण्याखाली बसून वरची माणसं बघावीत तसं व्हायचं. मग कोकमाच्या सरबतासारखं लाल औषध नळीतून उतरायचं. मी ते थेंब बघत राहायचे. खिडकीबाहेर एक मोठं झाड होतं, त्याची सावली फरशीवरून हळूहळू सरकत माझ्या पायांपर्यंत यायची आणि पुढे जायची.

रवीला ऑफिस होतं. आणि तो आला की माझ्याकडे बघत बसायचा, ते मला नको असायचं. म्हणून स्मिता यायची. स्टुलावर बसायची आणि पाटी काढायची. माझ्याकडे बघायची नाही, हे तिचं मला फार बरं वाटलं.

पहिल्या खेपेला त्या अर्धवट झोपेत माझी नजर तिच्या पाटीवर गेली. एक बाई हातात कंदील घेऊन दगडी पायऱ्या उतरत होती. खाली काळोख, तिच्याभोवती उजेडाचं एवढंसं रिंगण. ती चालेल तसं रिंगण चालायचं. भिंती ओल्या होत्या. कुठेतरी पाणी ठिबकत होतं, की ते माझ्याच बाटलीतलं होतं, मला सांगता येणार नाही. ती वळली, एक दार आलं. दाराआड दुसरी खोली. मला वाटलं, हे जुन्या मंडी मोहल्ल्यातलेच बोळ आहेत, फक्त वरचं आभाळ कोणीतरी काढून घेतलंय. मी तिच्या मागे मागे चालले होते. पाय दुखत नव्हते. अंगाला वजन नव्हतं.

मग सांगाडे आले, स्मिताने बटणं दाबली, ते मोडून पडले. आणि त्यांच्यातून काहीतरी जमिनीवर सांडलं. किणकिण आवाज झाला.

"काय पडलं गं?" मी विचारलं.

स्मिता दचकली. तिला वाटलं मी झोपलेय. "नाणी. आणि एक जोडा. साधाच आहे."

"बघू."

तिने पाटी माझ्यासमोर धरली.

मला त्यात काय दिसलं

पुढच्या खेपेला तिने पाटी माझ्या हातात दिली. डाव्या हातात सुई, तो फक्त टेकवायचा, उजव्याने चालवायचं. आयुष्यभर मी काजं केली, हुक लावले, हेम घातली. बोटांना बारीक कामाची सवय आहे. स्मिता म्हणाली, "आई, तुम्ही माझ्यापेक्षा लवकर शिकलात." मी म्हटलं, "यात शिकायचं काय आहे, चार बटणं तर आहेत."

मारामारीत मला रस नाही. ती उरकायची. मला आवडायचं ते त्यानंतरचं. वस्तू पडते, तिच्यावर रंगाचा उजेड असतो. साधी असेल तर पांढरा, बरी असेल तर निळा, चांगली असेल तर पिवळा. आणि फारच दुर्मीळ असेल तर केशरी उजेडाचा खांब वर उभा राहतो, लांबच्या खोलीतूनही दिसतो. पण ती नेमकी काय आहे, ते जवळ जाऊन उचलल्याशिवाय कळत नाही. ती दोन पावलं टाकताना छातीत जे होतं, त्यासाठी हा खेळ आहे.

मी स्मिताला विचारलं होतं, "तुझ्या खेळातल्या पेटीत एवढ्या तलवारी आहेत, आणखी कशाला?"

ती म्हणाली, "हव्यात म्हणून नाही हो. पुढच्या दाराआड काय आहे ते बघितल्याशिवाय उठवत नाही."

मला ते समजलं. लहानपणी दसऱ्याच्या मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पोरी उजाडताच रस्त्यावर जायचो. धुकं असायचं. हत्तींच्या लिदीचा, चुरगाळलेल्या झेंडूचा वास असायचा. रस्ता रिकामा, आणि काल त्याच्यावरून राजाचं सगळं गेलेलं. आम्ही खाली मान घालून चालायचो. एकीला झुलीचा गोंडा सापडायचा, एकीला पितळी घुंगरू, एकीला काचेचा मणी. मला एकदा कोणाच्या तरी कोटाचं बटण सापडलं, त्याच्यावर दोन तोंडांचा पक्षी होता. आदल्या दिवशीचे हत्ती मला आज नीट आठवत नाहीत. ते बटण आठवतं. आणि त्याच्याआधीचं चालणं जास्त आठवतं, अजून काही सापडलेलं नाही आणि काहीही सापडू शकतं, ते.

हा हावरटपणाच आहे. मी त्याला दुसरं नाव देणार नाही. पण त्या दिवसांत मला कशाचीच हाव राहिली नव्हती. जेवण लोखंडासारखं लागायचं. कॉफी नकोशी झाली, मैसूरच्या बाईला कॉफी नकोशी होणं म्हणजे काय ते इथल्या लोकांना कळेल. केस गेले, त्याचं मला फार वाटलं नाही, पण आरशात बघायची हावही गेली. फक्त त्या भुयारात पुढचं दार दिसलं की मला ते उघडावंसं वाटायचं. अंगात एवढीच एक हाव शिल्लक होती, ती मी जपली.

साकु

तिसऱ्या खेपेनंतर ताप चढला. अंगातली ताकद औषधाने मारून टाकली होती, त्यात ताप. मला दवाखान्यात ठेवलं. त्या दिवसांचं मला सलग काही आठवत नाही. छताला एक पंखा होता, तो कधी पंखा असायचा, कधी कोणीतरी वरून हात फिरवायचं. माझी सासू येऊन पायाशी बसली होती आणि मला काजं उसवायला सांगत होती. मी उसवत होते आणि कापड संपत नव्हतं. मधेच दार उघडायचं, बाहेरच्या बाकावर स्मिता दिसायची, दार बंद व्हायचं.

घरी आले तेव्हा मी ठरवून आले. रवीला म्हटलं, "साकु. पुरे झालं. आता मी जाणार नाही."

"आई, अर्धं झालंय. डॉक्टर म्हणाले गाठ निम्मी झाली."

"उरलेली निम्मी माझ्यासोबत राहू दे. मला माझ्या बिछान्यात पडू दे."

"तू अशी कशी बोलतेस?"

"जशी बोलते तशीच."

तो आधी ओरडला, मग त्याने समजावलं, मग त्याचा आवाज बारीक झाला. तेव्हापासून तो माझ्याशी लहान बाळाशी बोलावं तसा बोलायला लागला. "पाणी हवंय का, आईला? उशी देऊ का, आईला?" येणारे जाणारेही तसेच. खोलीत शिरताना आवाज खाली आणायचे. मी मेले की काय, असं मलाच वाटायचं.

मी माझ्या वस्तू द्यायला काढल्या. रवीच्या आत्येबहिणीला पितळेची परात आणि घंगाळं दिलं. साड्या सरोजाला आणि शेजारच्या दोघींना दिल्या. त्यात दुःख काही नाही. आपल्या हाताने दिलं की वस्तू नीट जाते, नाहीतर मागाहून भांडणं होतात. कपाट हलकं होत गेलं तसं मलाही हलकं वाटत होतं. दुपारी ऊन कपाटाच्या रिकाम्या फळ्यांवर पडायचं, ते मी बघत पडायचे. फळ्यांना चंदनाचा, जुन्या जरीचा वास होता.

स्मिता या सगळ्यात एक शब्द बोलली नाही. भांडी पुसून द्यायची, साड्या पिशवीत भरून द्यायची. आणि दुपारी काम सुरू करताना पाटी माझ्या उशाशी ठेवून जायची.

कमरपट्टा

त्या खेळात भुयाराच्या वर एक गाव आहे. चौक, विहीर, लोहाराचं दुकान. तिथे कोणी कोणाला मारत नाही. स्मिताने सांगितलं होतं की तिथे फिरणारी बाकीची माणसं खरी आहेत, कुठल्या कुठल्या देशांत बसून खेळतात. मला तो चौक आवडायचा. तिथे कायम संध्याकाळ असते. दिवे लागलेले असतात आणि रात्र होत नाही.

त्या दुपारी मी विहिरीजवळ नुसती उभी होते. हाताला मुंग्या येत होत्या, भुयारात उतरवत नव्हतं. एक मुलगी समोरून आली. अंगावर फाटकं काहीतरी, पायात धड जोडे नाहीत. नवीन असणार. ती माझ्यासमोर थांबली आणि कमरेत वाकून तिने नमस्कार केला.

आमच्याकडे लेकीबाळीने वाकून नमस्कार केला तर तिला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. खण, नारळ, निदान फुलं तरी द्यायची. नवरा गेल्यापासून मी कोणाची ओटी भरलेली नाही, कोणी भरू दिली नाही म्हणा. पण त्या गावात ते कोणाला ठाऊक होतं? तिथे मी कंदील घेतलेली एक बाई होते, बाकी काही नाही.

मी पेटी उघडली. पेटी स्मिताची, पण तिने मला तिथलं काहीही घ्यायची मुभा दिली होती. जोडे होते, टोप होते, ढिगाने. ते द्यायला बरं वाटेना. ओटीत कोणी नको असलेलं घालत नाही. एका कोपऱ्यात एक कमरपट्टा होता, लाल खड्यांचा, त्याच्यातून निखाऱ्यासारखा उजेड येत होता. बाईमाणसाला शोभेल अशी तेवढी एकच वस्तू होती. मी तो तिच्यासमोर जमिनीवर ठेवला. ती थोडा वेळ हलली नाही. मग तिने तो उचलला, पुन्हा वाकली, पुन्हा पुन्हा वाकली, आणि उड्या मारत निघून गेली. मला फार शांत वाटलं. पाटी छातीवर ठेवून मी डोळे मिटले.

स्मिता चहा घेऊन आली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिने सहज पाटी उचलली.

"आई, कमरपट्टा कुठे गेला?"

"दिला."

"कोणाला?"

"एक मुलगी आली होती. वाकून नमस्कार केला तिने. रिकामी कशी पाठवणार?"

"मुलगी नसते हो ती. कुठल्यातरी गावचा दाढीवाला ट्रक ड्रायव्हर असेल."

"असू दे. नमस्कार तर केला ना."

मला वाटलं ती हसेल. ती खाली बसली, बिछान्याच्या कडेला, चहा हातात तसाच.

"दोन वर्षं शोधत होते मी तो. दोन वर्षं. तुम्हाला ताप होता तेव्हा मिळाला, बाहेरच्या बाकावर. केशरी खांब उभा राहिला आणि मी कोणाला दाखवणार होते? आत तुम्ही तापात बडबडत काजं उसवत होतात. मी तिथे बसून रडले, आणि नर्सला वाटलं तुम्हाला काही झालं."

"मग सांगायचंस की तो देऊ नका म्हणून."

"मी सांगायचं?" तिचा आवाज चढला. स्मिताचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "तुम्ही विचारायचं. परात दिलीत, मी गप्प बसले. साड्या दिल्यात, मी घड्या घालून दिल्या. रवी बाथरूममध्ये नळ सोडून रडतो, तरी मी गप्प. तुमचं होतं, तुम्ही द्या. पण हे माझं होतं. तुमचं नव्हतं वाटायला. जायचंय ना तुम्हाला, जा. माझी पेटी रिकामी करून जाऊ नका."

चहा बशीत सांडला होता. बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती. आम्ही दोघी ते ऐकत बसलो.

खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. किती तरी दिवसांत माझ्यावर कोणी ओरडलं नव्हतं. सगळे बाळाशी बोलत होते, किंवा प्रेताशी. ही माझ्याशी भांडत होती. जिच्याकडून काही येणं आहे अशा माणसाशीच कोणी भांडतं.

"तो चहा दे इकडे," मी म्हटलं. "थंड झालाय, पण दे."

मंगळवार

संध्याकाळी मी तिला विचारलं, "कुठे मिळतो तो?"

"सगळ्यात खालच्या भुयारात. राहू दे आता."

"पुन्हा गेलं की पुन्हा मिळतो?"

"मिळेलच असं नाही. शंभरदा जावं लागतं, तरी नाही मिळत. दुसरंच काहीतरी पडतं."

"दुसरं काय?"

"ते कसं सांगणार? काहीही."

"मला तिथे उतरता येईल?"

ती माझ्याकडे बघायला लागली. त्या खोलीत, त्या खुर्चीवर, ती कधी तशी बघत नसे. "आई, मी रागात बोलले. मला पट्टा नकोय."

"मग काय हवंय?"

ती पाटीच्या कडेवर बोट फिरवत राहिली. "मंगळवारी चौथ्या खेपेची तारीख आहे," ती म्हणाली. "मी ती रद्द केलेली नाही. रवीने करायला सांगितली होती, तुम्ही हट्टी आहात म्हणून. मी नाही केली."

मी म्हटलं, "बघू."

आजाराशी लढा देतात म्हणे. मला कोणी असं म्हटलं की राग येतो. मी लढले नाही. मी पडून होते, औषध थेंब थेंब पडत होतं, जे करायचं ते त्याने केलं. मंगळवारी मी गेले ते कोणासाठी त्याग म्हणून नाही. रवीसाठी नाही, स्मितासाठीही पुरतं नाही. रात्रभर माझ्या डोळ्यांपुढे एक दार होतं आणि ते बंद होतं. उलटी होणार, तोंड येणार, पुन्हा ताप येईल, हे सगळं मला माहीत होतं. त्याच्या पलीकडचं माहीत नव्हतं. ते बघायची हाव सुटली, इतकंच.

सकाळी मी साडी नेसून दाराशी येऊन बसले. रवी आंघोळ करून बाहेर आला आणि मला बघून टॉवेल हातात धरून तसाच उभा राहिला.

"गाडी काढ," मी म्हटलं. "आणि आज आईला-आईला करू नकोस. नीट बोल."

"बरं," तो म्हणाला. मग म्हणाला, "चप्पल घाल मग, उशीर होतोय. नेहमी तुझ्यामुळेच उशीर होतो."

खोली तशीच होती. सुईला शीर सापडेना, नर्सने तीन ठिकाणी टोचलं, मी तिला दोन शब्द ऐकवले. मग इंजेक्शन दिलं. मी उजव्या हाताने पाटी धरली, स्मिताने तिची दुसरी कड धरली, कारण बोटांना मुंग्या होत्या. आम्ही खाली उतरत गेलो. पायऱ्या, पाणी, पायऱ्या. कंदिलाचं रिंगण बारीक होत होतं, की माझे डोळे मिटत होते. दगडाचा एक मोठा माणूस आला, आम्ही दोघींनी मिळून तो मोडला, जास्त तिनेच. तो पडताना सगळी खोली हलली. धूळ खाली बसली.

धुळीतून केशरी उजेड वर चढला. वरच्या काळोखात शिरला आणि उभा राहिला. त्याच्या पायथ्याशी काहीतरी होतं. मला दिसत नव्हतं काय ते.

"आई," स्मिता कुजबुजली. "उचलू?"

माझी जीभ जड झाली होती. लाल औषध नळीत उतरायला लागलं होतं. खिडकीतल्या झाडाची सावली माझ्या पायांशी आली होती.

"नको," मी म्हटलं. "राहू दे तसंच. मी उठल्यावर बघते."